विश्लेषण : मोटोजीपीच्या नव्या नियमात ६ मिलिमीटरला एवढे महत्त्व का?

२०२७ पासून मोटोजीपी शर्यतींतील इंजिनांची क्षमता १००० सीसीवरून ८५० सीसीवर येत आहे. चर्चा या आकड्याचीच झाली. पण इंजिन बनवणाऱ्यांना खरा लगाम लागणार आहे तो दुसऱ्याच कलमाने. सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, आजवर ८१ मिलिमीटरपर्यंत ठेवता येत होता. आता मर्यादा ७५ मिलिमीटरची.

बोअरचा व्हॉल्व्हशी संबंध काय?

सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन शिरते ते इनटेक व्हॉल्व्हमधून. हे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या छतावर बसतात. ६ मिलिमीटर कमी झाल्याने या छताचे क्षेत्रफळ सुमारे १४ टक्क्यांनी घटते, म्हणजे व्हॉल्व्हही लहान करावे लागतात.

मोठा व्हॉल्व्ह नेहमी चांगला का?

नाही. इंजिन वेगाने फिरत असताना तो भरपूर हवा घेतो, पण कमी फेऱ्यांवर हवेचा वेग मंदावतो आणि वळणातून बाहेर पडताना गाडी रेंगाळते. व्हॉल्व्ह उशिरा बंद करण्याचेही तसेच. जास्त वेगात हवा स्वतःच्या जोरावर आत शिरत राहते, कमी वेगात मात्र पिस्टन तिला उलट बाहेर ढकलतो. शिवाय मोठा व्हॉल्व्ह जड असतो. मिनिटाला १८ हजार फेऱ्या म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला १५० वेळा उघडतो. साधी स्प्रिंग इथे मागे पडते आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळण्याची भीती असते. म्हणून डुकाटी व्हॉल्व्ह बंद करायलाही कॅमच वापरते, तर इतर कंपन्या दाबाखालच्या वायूची स्प्रिंग.

मग बोअरवरच बंधन का?

कारण २००७ चा अनुभव. तेव्हा क्षमता ९९० वरून ८०० सीसीवर आणली, पण बोअर मोकळा ठेवला. कंपन्यांनी फेऱ्या वाढवून ताकद बरीचशी भरून काढली, खर्चही वाढवला. वेग कमी करण्याचा हेतू तिथेच फसला. ८१ मिलिमीटरची मर्यादा आली ती २०१२ मध्ये.

तीच मर्यादा आता कायम ठेवली असती, तर ८५० सीसीच्या चार सिलिंडर इंजिनात पिस्टनची धाव सुमारे ४१ मिलिमीटर झाली असती आणि फेऱ्या पुन्हा वाढल्या असत्या. ७५ मिलिमीटरमुळे ती ४८ च्या आसपास, जवळपास आजच्याइतकीच राहते. पळवाट बंद.

याची किंमत म्हणजे प्रत्येक कंपनीला नवे इंजिन उभारावे लागणार. त्यातल्या केटीएमचा ताबा २०२५ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोकडे आला आहे.