सात दिवसांचे पुण्य

आमच्या जालना जिल्ह्यात वर्षाचा असा महिना सापडणे कठीण की, ज्यात कोठल्या ना कोठल्या गावी हरिनाम सप्ताह चालू नाही. आणि असा सप्ताहही विरळा की, ज्यात पैठणच्या नाथांची ती प्रसिद्ध कथा एकदा तरी सांगितली जात नाही. एक गृहस्थ नाथांकडे गेला व आपले आयुष्य इतके निष्पाप व शांत, मग आमचेच असे का, असे त्याने विचारले. नाथांनी त्या प्रश्नाचे उत्तर न देता त्याला एवढेच सांगितले की, आजपासून सातव्या दिवशी तुझे मरण आहे. गृहस्थ घरी गेला, भांडणे मिटविली, ज्याच्या त्याच्या पाया पडून क्षमा मागितली आणि अंथरूण धरले. सातव्या दिवशी नाथांनी येऊन विचारले, या सात दिवसांत पाप किती घडले? पापाचा विचार मनात येण्यास सवडच कोठे होती, असे तो उत्तरला. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत ही कथा घेतली. साने गुरुजींनी ती प्रवचने उतरून घेतली. आणि अशा रीतीने मंडपातील कथा आपल्या सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यात येऊन स्थिरावली.

हल्ली तिला परदेशी बंधूही लाभला आहे. अमेरिकेतील स्टीव्ह जॉब्स या उद्योगपतीने २००५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील पदवीदान समारंभात, रोज सकाळी आरशात पाहून आजचा दिवस शेवटचा असता तर आपण हेच केले असते काय, असे स्वतःस विचारण्याची आपली सवय सांगितली. त्या भाषणावर आमची मुले इतकी लुब्ध आहेत की, तेच तत्त्व आजोबा सप्ताहातून ऐकून येतात याचा त्यांना पत्ताही नसतो. मंडप आणि आरसा, दोहोंचे म्हणणे एकच: मरण जवळ आहे असे कळले की माणूस सुधारतो. हे म्हणणे मला मान्य नाही, आणि ते निरुपद्रवी आहे असेही मला वाटत नाही.

प्रथम त्या गृहस्थाने केले काय ते पाहू. समजा, शेजाऱ्याशी त्याचा बांधाचा वाद होता. आमच्याकडे दोन हात बांधापायी दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात, तेव्हा ही कल्पना अवास्तव नाही. सात दिवसांनी मरणाऱ्याने ते दोन हात सोडून दिले. पण सोडले कोणाचे? त्याला ते नांगरावयाचे नव्हतेच. सोडले ते मुलाच्या वाट्याचे. ज्याची क्षमा मागितली, त्याच्या शेजारी पुढे वीस वर्षे राहावयाचे नव्हते. नीती म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्यातील निम्मा भाग तरी उद्याचा असतो: दिलेला शब्द उद्या पाळणे, घेतलेले कर्ज हप्त्याहप्त्याने फेडणे, आज क्षमा केलेल्या माणसाचा उद्याचा तोच स्वभाव पुन्हा सोसणे. उद्याच काढून घेतला, तर उरते ती नीती नव्हे. ती निरवानिरव होय. निरवानिरव चांगलीच, पण तिला पुण्य म्हणण्याची घाई करू नये.

शिवाय कथा नेमकी जेथे सुरू व्हावी तेथे संपते. तो गृहस्थ मेला नाही. मग आठव्या दिवशी काय झाले? नवव्या दिवशी? बांध त्याने परत मागितला की नाही? कोणताही बुवा हे सांगत नाही. ते एका रशियन कादंबरीकाराने सांगितले आहे. डोस्टोयेव्हस्कीला १८४९ च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गच्या चौकात गोळ्या घालण्यासाठी उभे केले होते आणि अखेरच्या क्षणी झारची दया वाचून दाखविण्यात आली. त्याला मरणाच्या पूर्वसूचनेला सात दिवस नव्हे, काही मिनिटेच मिळाली. परंतु ती खरी होती. पुढे ‘इडियट’ या कादंबरीत त्याने अशाच एका माणसाची हकीकत घातली आहे. जीव वाचला तर प्रत्येक मिनिट एकेका युगासारखे जपीन, असे या माणसास त्या वेळी वाटले होते. मग तो तसे जगला काय, असे त्यात कोणी विचारते, तेव्हा उत्तर येते की नाही, पुष्कळ मिनिटे वायाच गेली. खुद्द लेखक सायबेरियातून परतल्यावर जर्मनीतील जुगाराच्या अड्ड्यांत कितीदा कफल्लक झाला, हे त्याचे चरित्र वाचणारास ठाऊक आहे. मोठा लेखक तो झाला, पण तो चौकातील त्या सकाळीमुळे की त्यानंतरच्या तुरुंगवासामुळे व तीस वर्षांच्या लिहिण्यामुळे, याचा निवाडा मी वाचकांवर सोपवितो.

सप्ताहाचे मूळच पाहावयाचे, तर परीक्षितीकडे जावे लागेल. तक्षकाच्या दंशाने सातव्या दिवशी मरशील, हा शाप. भागवतातील परीक्षिती राज्य सोडून गंगातीरी बसतो व शुकमुखाने कथा ऐकतो. महाभारताच्या आदिपर्वातील परीक्षिती तोच, शाप तोच, मुदतही तीच; पण तेथे तो एकखांबी महाल बांधवून, भोवती वैद्य व मांत्रिक ठेवून आत दडून बसतो. मरणाच्या सूचनेत जर माणसास घडविण्याचे सामर्थ्य असते, तर एकाच सूचनेने दोन परीक्षिती कसे झाले? आणि भागवतातील राजाच्या विरक्तीचा तरी त्याच्या वंशास काय उपयोग झाला? त्याच्या मुलाने, जनमेजयाने, सर्पसत्र मांडले. बापाचे सात दिवस पुण्यात गेले. मुलाच्या वाट्यास सूड आला.

पुराण बाजूस ठेवू. थ्युसिडिडीज या ग्रीक इतिहासकाराने ख्रिस्तपूर्व ४३० मधील अथेन्सच्या साथीचे वर्णन केले आहे. त्या साथीत तो स्वतः आजारी पडून वाचला होता. उद्याची शाश्वती नाही असे दिसताच लोक देवाला व कायद्याला भिईनासे झाले आणि आजचे सुख आजच ओरपू लागले, असे तो लिहितो. आपणही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काय पाहिले? मरण प्रत्येक गल्लीत उभे होते. त्याच गल्लीत कोणी परक्याच्या प्रेताला खांदा देत होता आणि कोणी रेमडेसिव्हिरची कुपी कित्येक पट किमतीस काळ्या बाजारात विकीत होता. विकणारास मरण दिसत नव्हते काय? दिसत होते, म्हणूनच किंमत येत होती.

येथे कोणी सावित्रीबाई फुल्यांचे नाव घेईल, आणि घ्यावेच. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच गेल्या. धोका त्यांना माहीत नव्हता असे कोण म्हणेल? परंतु मरण जवळ आले म्हणून त्यांनी काही निराळे केले नाही. १८४८ पासून त्या जे करीत आल्या, त्यातलेच ते एक काम होते. आगरकरांचेही तेच. दम्याने पोखरलेला हा माणूस १८९५ साली वयाच्या ३९ व्या वर्षी गेला. आपल्याला दीर्घायुष्य नाही हे तो कित्येक वर्षे जाणून होता आणि परलोकातील हिशेबाची त्याला धास्ती नव्हती. उशाशी स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे ठेवून तो गेला, असे सांगतात. त्याच्या लेखणीतील सचोटी मरणाच्या चाहुलीने आली, असे म्हणण्याचे धाडस ‘सुधारका’चे अंक वाचणारा कोणी करणार नाही.

मरणासन्न माणसाविषयीच्या याच समजुतीवर कायद्यातही एक तत्त्व उभारलेले आहे, ते म्हणजे मृत्यूच्या दारातला माणूस खोटे बोलत नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात मृत्युपूर्व जबाब ग्राह्य होण्यास जबाब देणाराने जगण्याची आशा सोडलेली असावी लागे. आमच्या १८७२ च्या पुरावा अधिनियमाने मात्र कलम ३२ मध्ये ती अट स्पष्टपणे वगळली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ नेही ती परत आणलेली नाही. मसुदा करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी पुढे आपल्या ग्रंथात दोन मजेदार गोष्टी नमूद केल्या. पंजाबात म्हणे मरणारा आपल्या पिढीजात वैऱ्यांना झाडून साऱ्यांना घटनास्थळी आणून बसवितो. आणि मद्रासकडील एका गृहस्थाने तर स्टीफनच्या तत्त्वाची मुळासकटच उलटापालट केली: मरायला टेकलेल्या माणसास खरे बोलण्याचे कारणच काय? मला हा मद्रासी गृहस्थ आमच्या पुष्कळ कीर्तनकारांपेक्षा जास्त विचारी वाटतो.

परंतु खोटे केवळ वैरानेच बोलले जाते असे नाही. जळून इस्पितळात आलेली सासुरवाशीण दंडाधिकाऱ्यापुढे, स्टोव्हचा भडका उडाला, एवढेच सांगते आणि डोळे मिटते. असे जबाब ज्यांनी वाचले आहेत, त्यांना त्यामागची दोन लेकरेही दिसतात, जी उद्या त्याच घरात वाढावयाची असतात. तिला मरण कळलेले आहे. पण तिचा उद्या मुलांच्या रूपाने त्या घरात ओलीस आहे. तिच्या त्या असत्याला पाप म्हणावे की पुण्य, हे ठरविण्यास सात दिवसांची कथा यत्किंचितही उपयोगी पडत नाही.

डॉक्टर जॉन्सनचे एक वचन इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना तोंडपाठ होते. पंधरवड्यात फाशी व्हावयाची आहे असे कळले की माणसाचे चित्त विलक्षण एकाग्र होते, असा त्याचा आशय. ते कोणत्या प्रसंगाने उच्चारले गेले हे सहसा कोणी सांगत नाही. विल्यम डॉड नावाच्या पाद्र्याला खोट्या सहीबद्दल १७७७ साली फाशी झाली. त्याने तुरुंगात दिलेले प्रवचन इतके सरस होते की, ते त्याचेच काय अशी शंका एकाने काढली. तेव्हा जॉन्सनने हे वाक्य टाकले. प्रवचन वस्तुतः जॉन्सननेच त्याला लिहून दिले होते! डॉडचे गुपित राखण्यासाठी मारलेली ही थाप आज दोनशे वर्षे मानसशास्त्राचा सिद्धान्त म्हणून मिरवते आहे.

येथे एक आक्षेप न्याय्य आहे. नाथांना सात दिवसांची मुदत अभिप्रेत नव्हती, त्यांना मरणाचे नित्य स्मरण अभिप्रेत होते, असे कोणी म्हणेल. कबूल, पण मग ते नाथांच्याच चरित्रात पाहावे. आख्यायिकेतले नाथ काशीहून आणलेली गंगा तहानलेल्या गाढवाला पाजतात, आणि अंगावर थुंकणाऱ्या माणसामुळे पुनःपुन्हा गोदावरीत उतरून स्नान करतात. यात मरणाची घाई कोठे आहे? थुंकणाऱ्याला कंटाळा येईपर्यंत आपण कंटाळायचे नाही, याला तर पुढे अमाप वेळ आहे असे मानणारे मन लागते. आमच्याच जिल्ह्यातील जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थांनीही दासबोधाच्या तिसऱ्या दशकात मृत्यूवर एक संपूर्ण समास खर्ची घातला आहे. राजा, पंडित, योगी, कोणालाही तो सोडत नाही, ही त्याची यादी प्रसिद्ध आहे. मरण निश्चित, पण घटका अनिश्चित, हा त्याचा रोख. आणि हाच पुरुष बाराव्या दशकाच्या आरंभी प्रपंच आधी नेटका करा म्हणून बजावतो. तारीख कळलेला माणूस फक्त आवराआवर करतो. तारीख न कळलेल्याला मात्र आजची सोयही पाहावी लागते आणि दहा वर्षांनंतरचीही. ज्याला मोसंबीची बाग लावावयाची आहे, त्याला फळासाठी चार-पाच वर्षे थांबावे लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या शेतकऱ्यांनी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगविण्याची धडपड केली. कित्येकांच्या बागा तरीही वाळल्या. सातच दिवस उरलेल्या माणसाने ते पाणी घातले असते काय?

तरीही हा वाद पंडिती म्हणून सोडून देता येत नाही, कारण तो आपल्या घरात रोज चालू असतो. घरातील वडील माणसास कर्करोग निघतो. डॉक्टर मुलाला बाजूस घेऊन सांगतात, मुलगा बहिणींना सांगतो, आणि सर्वांचे एकमत होते की बाबांना कळू द्यावयाचे नाही. का? तर कळले की ते खचतील, बदलतील, ते आपले राहणार नाहीत. बुवा म्हणतात मरण कळले की माणूस संत होतो. मुले म्हणतात मरण कळले की माणूस मोडतो. दोघांचीही श्रद्धा एकच की, त्या ज्ञानात काहीतरी जादू आहे. जादू नाही. सत्तर वर्षे जो माणूस जसा होता, तो बहुधा तसाच राहील. थोडा भिईल, थोडा रडेल, आणि मग शेताच्या वाटणीची, धाकटीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाची गोष्ट काढील. ते सांगावयाचे ते त्याने सुधारावे म्हणून नव्हे. ती वाटणी, ते कर्ज आणि ते शरीर त्याचे आहे म्हणून.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. बरे होण्याची आशा नसता यंत्रांच्या आधारावर मला ठेवू नका, असे माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. २०२३ च्या जानेवारीत न्यायालयाने ही पद्धत सोपीही केली: दोन साक्षीदार, आणि न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा. मात्र हा कागद करणारा शुद्धीवर असावा लागतो आणि आपण कशावर सही करीत आहोत हे त्याला कळलेले असावे लागते. ज्या घरात बाबांना फक्त अशक्तपणा आहे असे ठरलेले असते, तेथे हा कागद होत नाही. आणि मग अतिदक्षता विभागाच्या दाराशी, तो निर्णय घेण्याचा ज्यांना कधी अधिकार नव्हता, ती मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभी राहतात.