पासपोर्ट देण्याआधी करार मागा

भिंगारकरांनो, आखातात नोकरीला निघालेलं कुणी तुमच्या घरात किंवा गल्लीत असेल, तर हे आजच त्याला वाचून दाखवा. विमान सुटल्यावर फार उशीर झालेला असेल.

आपलं गाव छावणीचं. जड वाहनं चालवलेले ड्रायव्हर, हात बसलेले मेकॅनिक, पेन्शनवर आलेले जवान इथं घरोघरी आहेत. अशी माणसं कुवेत, कतार, सौदीला हवीच असतात आणि दलालांना ते पक्कं ठाऊक आहे. "व्हिसा आलाय, पैसे भर, करार तिकडं गेल्यावर मिळेल," असं कुणी म्हणालं की तिथंच थांबा.

करार इथंच हातात हवा. त्यात आधी मूळ पगार पाहा. दुबईच्या नोकरीला तोंडी दीड हजार दिरहम सांगतात; कागदावर मूळ पगार आठशे आणि बाकीचे भत्ते. तिथं ओव्हरटाइम मूळ पगारावर मोजतात. ग्रॅच्युइटीही त्यावरच, पहिली 5 वर्षं दरवर्षी 21 दिवसांची. म्हणजे त्या एका आकड्यात माणूस वर्षानुवर्षं नागवला जातो. मग कामाचे तास, राहायची सोय, परतीचं तिकीट पाहा. पासपोर्ट मालकाकडे राहील असं लिहिलं असेल तर सही करू नका. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे.

पर्यटक व्हिसावर कामाला मुळीच जाऊ नका. दहावी न झालेल्यांच्या ईसीआर पासपोर्टला आखातासह 18 देशांत नोकरीसाठी सरकारी परवानगी लागते, आणि 10 लाखांचा विमाही तिच्याबरोबरच येतो. 12 जून 2024 रोजी कुवेतच्या मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय गेले. अशा वेळी घरच्यांना आधार उरतो तो या कागदांचाच.

परदेशी नोकरभरतीबाबतच्या 1983 च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या दलालाला भरतीचा अधिकारच नाही. त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. शुल्काची मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी, पावती घ्याच. शंका आली तर 1800-11-3090 या सरकारी हेल्पलाइनवर विचारा. पैसे बुडाले असतील तर लाजेखातर गप्प बसू नका, भिंगार कॅम्प पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

इंग्रजी वाचता येणाऱ्या मुलामुलींनो, आखातात राहून आलेल्या काकांनो, शेजारचा करार वाचायला तासभर बसा. आणि जाणाऱ्याने करार, व्हिसा, पासपोर्ट यांचे फोटो आईच्या किंवा बायकोच्या फोनमध्ये ठेवूनच निघावं.