राकेल महागलं : रस्ता अडवू, पण आपल्या मागण्यांसाठी



२४ जून २०११ ला दिल्लीच्या सरकारने पुन्हा भाव वाढवले. डिझेल लिटरमागे ३ रुपये, कंट्रोलचं राकेल २ रुपये, गॅसची टाकी ५० रुपये. त्याच्या आदल्या वर्षी याच दिवसांत, २५ जून २०१० ला, राकेल ३ रुपयांनी वाढवलं होतं. म्हणजे एका वर्षात ५ रुपये वाढले. त्याआधी २००२ पासून सरकारने राकेलाच्या भावाला हात लावला नव्हता.

आता शहरात मोर्चे निघतायत. कुणी बैलगाडीवर मोटारसायकल ठेवून फोटो काढतंय, कुणी पेट्रोलपंपासमोर घोषणा देतंय. आपल्याकडेही पक्षवाल्यांचे निरोप आलेत की माणसं आणा, नाक्यावर रस्ता रोको करायचाय. गेल्या आठवड्यात गावबैठकीत सगळ्यांनी हाच प्रश्न विचारला : जायचं का?

आधी हे बघू, की आपल्या पाड्यात इंधन म्हणजे काय. आपल्यातल्या किती जणांच्या घरी गॅस आहे? मोटारगाडी किती जणांकडे आहे? आपलं इंधन दोनच. चुलीला लाकूड आणि चिमणीला राकेल. मी बारावीचा अभ्यास चिमणीखाली केला. महिनाअखेर आली की आई म्हणायची, "बस आता, राकेल संपत आलंय, झोप." कंट्रोलचं राकेल संपलं की बाहेरून दुप्पट-तिप्पट भावाने घ्यायचं, नाहीतर अंधारात बसायचं. पावसाळ्यात साप-विंचू निघतात, तेव्हा चिमणी नसणं म्हणजे काय ते शहरात सांगून कळणार नाही.

डिझेलही आपल्याला लागतं, गाडी नसली तरी. तालुक्याला जाणारी जीप डिझेलवर. भाताची गिरणी डिझेलवर. दुकानात मीठ-मिरची आणणारा टेम्पो डिझेलवर. दिवाळीनंतर वीटभट्टीवर नेणारा ट्रकही डिझेलवर, आणि त्याचं भाडं शेठ आपल्याच हिशेबातून कापतो. डिझेल ३ रुपयांनी वाढलं तर जीपवाला भाडं ५ रुपयांनी वाढवतो. आपली मजुरी मात्र आहे तिथेच राहते.

सरकार २०११ साली म्हणालं, परदेशात कच्चं तेल महागलंय, कंपन्या तोट्यात आहेत. तेव्हा कच्चं तेल महागलं होतं हे खोटं नाही. सरकारने त्या वेळी कच्च्या तेलावरची ५ टक्के जकात काढली, डिझेलवरचा करही थोडा कमी केला, हेही खरं. पण मग राकेलावरचं ओझं चिमणीवाल्यानेच का उचलायचं?

सरकारने आणखी एक कारण सांगितलं. राकेल स्वस्त असल्यामुळे त्याची डिझेलमध्ये भेसळ होते, म्हणून भाव वाढवायला पाहिजे. भेसळ होते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलाची भेसळ करणाऱ्यांनी भरदिवसा जिवंत जाळलं. एवढ्या मोठ्या साहेबाला जाळायची हिंमत होते, तेव्हा त्या धंद्यात किती पैसा असेल ते समजून घ्या. २०११ साली डिझेल ४० च्या वर होतं आणि कंट्रोलचं राकेल १५ च्या आसपास. राकेल २ रुपयांनी वाढवून हा फरक मिटतो का? भेसळवाल्याला २ रुपयांनी काही होत नाही. ते २ रुपये आपल्यालाच लागतात. तो टँकर भरतो, आपण बाटली भरतो.

पुढचं संकटही ध्यानात ठेवा. २०११ च्या बजेटमध्ये अर्थमंत्र्यांनी सांगितलं की राकेल, गॅस आणि खतावरची सवलत हळूहळू रोख पैशात द्यायची. म्हणजे दुकानात पूर्ण भाव भरायचा आणि सवलत मागून बँकेत येणार. आपल्या किती बायांच्या नावावर बँकेत खातं आहे? बँक किती कोसांवर आहे? आधी भरायला एवढे पैसे कुठून आणायचे? याच्यावर आत्ताच बोललं पाहिजे.

आता रस्ता रोकोचं. ५ जुलै २०१० ला भारत बंद झाला. डावे आणि उजवे असे दोन्हीकडचे विरोधी पक्ष त्यात होते. आपणही गेलो, मीही गेले होते. सकाळी सातपासून पावसात नाक्यावर बसलो. पुढारी अकराला आले, भाषण केलं, फोटो काढले आणि बाराला गेले. दुपारी पोलिसांनी उचललं ते आपल्या माणसांना. कलम १४३ आणि ३४१ लागलं. त्या तारखा अजून चालू आहेत. एका तारखेला एक मजुरी बुडते, वर जीपचं भाडं. डिझेलच्या भाववाढीविरुद्ध बसलो, त्याच्या तारखेला वाढलेलं भाडं देऊन जातोय. त्या पक्षाच्या माणसाने एकदाही वकिलाला फोन केला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगते. त्या दिवशी आपल्याच शेजारच्या पाड्याची जीप आम्ही अडवली. आत तापाने फणफणलेलं पोर होतं. जीप सोडायची की नाही यावर आपण दहा मिनिटं भांडलो. आपण सोडली, पण ती दहा मिनिटं त्या आईने कशी काढली असतील?

म्हणून रस्त्यावर उतरायचंच नाही, असं मी म्हणत नाही. आपल्या आजोबा-आज्यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात गवत कापायचं बंद केलं, तेव्हा जमीनदार हलला. १९७२ नंतरच्या महागाईत मुंबईच्या बाया मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्यांच्या मागण्यांत राकेलही होतं. न बोलता काही मिळत नाही. पण ते लोक स्वतःची मागणी घेऊन उतरले होते, दुसऱ्याची गर्दी म्हणून नाही.

आपली मागणी फक्त "भाववाढ रद्द करा" एवढीच ठेवली तर २ रुपये कमी होतील आणि पुढच्या जूनला पुन्हा वाढतील. म्हणून बैठकीत ठरलेल्या मागण्या अशा :

एक, राकेलाची दोन्ही वेळची वाढ मागे घ्या. रोख पैशाची योजना आमच्यावर लादू नका.

दोन, राकेल किती आलं, कार्डामागे किती द्यायचं, कोणत्या भावाने, हे दुकानाबाहेर फळ्यावर लिहा. टँकर येईल तेव्हा गावचे पाच लोक हजर राहतील आणि पंचनामा करतील.

तीन, सरपणाच्या मोळीवर दंड बंद करा. वनहक्क कायद्यात गौण वनोपज गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क आहे. बांबू आणि झुडपांचं लाकूड त्यात धरलंय. गार्डने पैसे घेतले तर पावती मागा. ज्या गावांनी सामूहिक हक्काचा दावा अजून टाकला नाही, त्यांनी या महिन्यात टाकावा.

चार, पाड्यात वीज द्या. विजेचा खांब मागितला की फॉरेस्टवाले म्हणतात, जंगलाची जागा आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ३(२) मध्ये विजेच्या तारा, शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान यांच्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी जंगलजमीन देता येते. हेक्टरी ७५ पर्यंत झाडं काढता येतात. त्याला ग्रामसभेची शिफारस लागते. ही शिफारस आपल्या हातात आहे, ती करून ठेवा. पाड्यात दिवा लागला की राकेलाची चिंता अर्धी होईल.

सध्या आवणी चालू आहे. आवण सोडून कुणी रस्त्यावर येऊ नये. आवणी उरकल्यावर ९ ऑगस्टला, क्रांतिदिनी आणि आदिवासी दिनी, आपण आपल्या झेंड्याखाली नाक्यावर बसू. तहसीलदाराला आधी लेखी कळवू. बाजाराचा दिवस टाळू, कारण त्या दिवशी आपल्याच बायांची भाजी अडते. आजारी माणूस, बाळंतीण आणि शाळेची पोरं यांची गाडी न विचारता सोडायची, त्यासाठी चार साथी वेगळे उभे राहतील. दगड उचलायचा नाही. दारू पिऊन कुणी यायचं नाही. पक्षांना यायचं असेल तर यावं, खाली बसावं आणि शेवटपर्यंत थांबावं.

येताना प्रत्येकाने घरातली रिकामी राकेलची बाटली आणि रेशनकार्ड बरोबर आणावं. अंक वाचून झाला की शेजारच्या पाड्यावर द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

जिंदाबाद!