विश्लेषण : पुरात भिजलेला लॅपटॉप दुरुस्त करावा का?
सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्यातील भूम, परंडा तालुक्यांत अनेक घरांत पाणी शिरले. अशा पाण्यात भिजलेला लॅपटॉप वाळवल्यावर सुरू झाला, तरी निर्धास्त होऊ नये. पुराच्या पाण्यातील गाळ आणि क्षार मदरबोर्डवर तसेच राहतात, गंज आतल्या आत वाढतो. त्यामुळे बटण दाबून पाहण्याचा मोह आवरावा. आधी तो उघडून साफ करून घ्यावा. भिजलेली बॅटरी तर चार्ज करूच नये. केवळ कीबोर्ड, बॅटरी गेली असेल तर दुरुस्ती परवडते. मदरबोर्डच बदलायचा झाल्यास खर्च अनेकदा जुन्या लॅपटॉपच्या किमतीच्या घरात जातो, आणि नेहमीची वॉरंटी पाण्याचे नुकसान सहसा धरत नाही. सुटी निघणारी एसएसडी असेल तर माहिती वाचण्याची शक्यता बरीच. भंगारात देण्याआधी ती काढून घ्यावी.