जेवणाची सावड



सावड आपल्याला नवी नाही. एक बैल आपला, एक शेजाऱ्याचा, अशी जोडी जमवून वाडवडिलांनी नांगरटी उरकल्या. आमच्या गट ऑफिसात आम्ही दुपारच्या जेवणाची सावड धरली आहे.

पूर्वी जो तो नाक्यावरच्या हॉटेलात जाई. मिसळ, चहा, वर पान. शंभराची नोट मोडायचीच. हंगामी पोरांना हे परवडत नाही, पण चारचौघांत सांगणार कोण? आता आम्ही पाच जण आहोत. भाकरी ज्याची त्याने आणायची, कालवण मात्र पाळीपाळीनं एकाच घरचं. शनिवारी कुणाचीच पाळी नाही. खर्डा, कांदा, दही. साहेबानं वेगळं टेबल मांडायचं नाही, हा नियम मी मलाच घातला. एका पोरानं नुसतं पिठलं आणलं म्हणून तो डबा उघडेना. तेच आधी संपलं! माझे महिन्याकाठी दीड हजार तरी सुटतात.

आणखी एक, आणि ती पैशाहून मोठी गोष्ट. लागण नोंदीला गेलं की सभासद म्हणतो, "साहेब, दोन घास खाऊनच जावा." माया खरी. पण पुढं त्याची तोड लवकर आली की शेजारी म्हणतो, "जेवण पावलं!" तोड लागणीची तारीख आणि पक्वता बघून ठरते, हे मग कितीही सांगा. तेव्हा आमचा माणूस बांधावरून न जेवता परतला तर राग धरू नका. चहा मात्र घेऊ. साखर आपलीच आहे.