फोन तोंड फिरवत नाही

शनिवारी कॉलेज सुटले की मी सुलतान बाजारातल्या काकांच्या कापडाच्या दुकानात वही लिहायला जाते. वही म्हणायचे ते जुन्या सवयीने. हिशेब आता सारा संगणकावर असतो. दुकानाचा एक रिवाज मात्र काकांनी मला पहिल्याच दिवशी शिकवला. गिऱ्हाईक फोन काढून यूपीआयचा पिन दाबू लागले की आपण तोंड फिरवायचे. "त्याच्या तिजोरीची किल्ली आहे ती, आपण कशाला बघायची?" असे ते म्हणतात. मीही इमानेइतबारे साड्यांच्या घड्यांकडे पाहत उभी राहते.

परंतु अलीकडे या विषयावर थोडेफार वाचन केले, आणि ध्यानात आले की माणसे तोंड फिरवतात, फोन फिरवत नाही.

फोन आडवा धरला की चित्र आडवे होते, चालू लागलो की पावले मोजली जातात. ही कामे आतली दोन चिमुकली यंत्रे करतात. एक ॲक्सेलरोमीटर, दुसरे जायरोस्कोप. पहिल्यात सिलिकॉनचा एक सूक्ष्म भार तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. फोन हलला की तो किंचित सरकतो आणि त्या सरकण्याचा विजेचा संकेत होतो. दुसरे यंत्र फोन कोणत्या अंगाला किती वेगाने वळला ते सांगते. आता पाहा, आपण १ दाबला तर फोन डावीकडे वरच्या कोपऱ्यात कणभर कलतो, ९ दाबला तर उजवीकडे खाली. आपल्या हाताला तो कल जाणवत नाही, यंत्राला जाणवतो.

ही कल्पनेची भरारी नव्हे. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील मरियम मेहरनेझाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली हे करून दाखवले. फोनवर उघडलेल्या एका वेबपानातून त्यांनी हालचालींची माहिती घेतली आणि तिच्यावरून चार आकडी पिन ओळखायला संगणकाला शिकवले. ५० पिनांच्या संचावर पहिल्याच प्रयत्नात शंभरात ७४, आणि तिसऱ्या प्रयत्नापर्यंत ९४ वेळा उत्तर बरोबर आले. त्याआधी २०१४ साली स्टॅनफर्डच्या आणि इस्रायलमधील संशोधकांनी जायरोस्कोपच्या थरथरीवरून फोनजवळ उच्चारलेले आकडे काही अंशी ओळखले होते. भिंतीला कान असतात असे आपण म्हणतो. माझे आजोळ बीदरकडचे, तिथे कन्नडमध्येही 'गोडे'ला कान असतात. आता ती भिंत आपण खिशात घेऊन हिंडतो, एवढाच फरक.

माझी एक मैत्रीण यावर म्हणाली, "अगं, चोराला एवढा खटाटोप कशाला? तो सरळ फोन करून ओटीपी विचारतो आणि लोक देतात." तिचे म्हणणे खोटे नाही. पन्नास पिनांतून एक ओळखणे आणि दहा हजारांतून ओळखणे यांत मोठे अंतर आहे, हेही मी मान्य करते. पण चोर या यंत्रांकडे पाहतच नाहीत असे मात्र नव्हे. २०१९ च्या जानेवारीत गूगल प्लेवर अशी दोन ॲप सापडली. एक परकीय चलनाचा भाव सांगणारे, दुसरे बॅटरी वाचवणारे. फोन हलतो आहे का, हे ती आधी तपासत. हलत असेल तर तो खऱ्या माणसाच्या हातात आहे, तपासनिसाच्या संगणकावर नाही, असे ओळखून मगच बँकेची माहिती चोरणारे सॉफ्टवेअर आत घ्यायला लावत.

म्हणून ही यंत्रे बंदच करावीत, असे माझे मत आहे काय? मुळीच नाही. २००८ साली बेंगळुरूत मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्राने आणि २०१२ साली आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी याच यंत्रांच्या साह्याने रस्त्याची अवस्था जोखण्याची पद्धत तयार केली. पावसाळ्यानंतर हैदराबादच्या रस्त्यांवरून दुचाकी चालवणाऱ्यास त्याचे मोल सांगायला नको. माझा आक्षेप यंत्राला नाही, न विचारण्याला आहे.

कॅमेरा, मायक्रोफोन, ठिकाण यांसाठी ॲपला आपली परवानगी मागावी लागते. अँड्रॉइडच्या २०२१ च्या आवृत्तीपासून कॅमेरा वा माइक चालू असला की कोपऱ्यात हिरवा ठिपकाही दिसतो. हालचालीच्या यंत्रांसाठी अँड्रॉइडवर असा प्रश्नही येत नाही आणि ठिपकाही दिसत नाही. त्याच २०२१ साली सेकंदाला २०० नोंदींची मर्यादा घातली गेली, पण त्याहून जास्त हव्या असल्या तरी वापरणाऱ्याला विचारावे लागत नाही. आयफोनवर मात्र २०१९ पासून वेबपानाला ही माहिती मागून घ्यावी लागते. म्हणजे विचारणे अशक्य नाही. विचारायचे मनात हवे.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी १८७२ चा करार कायदा पाठ करतो. दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तर ती संमती, असे त्याचे तेरावे कलम सांगते. जी गोष्ट कधी पुढेच ठेवली नाही, तिला मी कोणत्या अर्थाने संमती दिली? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही संमती मुक्त, विशिष्ट आणि पुरती माहिती देऊन घेतलेली असावी, असे सांगितले. कायद्यातली ही अक्षरे फोनच्या पडद्यावर उतरली पाहिजेत. कॅमेऱ्यासाठी विचारता, तसेच हालचालीसाठी विचारा; एवढीच माझी मागणी आहे.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करावे. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये साइट सेटिंग्जमध्ये मोशन सेन्सर्स असे एक कलम आहे; ते बंद करता येते. नको असलेली ॲप काढून टाकावीत. बँकेचे काम करताना इतर पाने मिटून घ्यावीत. आणि आमच्या प्राध्यापकांना विनंती, की करार कायदा शिकवताना संमतीच्या धड्यात एक उदाहरण खिशातल्या फोनचेही घ्यावे.

हे सारे मी काकांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग आपण तोंड फिरवतो ते फुकटच म्हणायचे?" मी म्हटले, "नाही काका. तुम्ही सहावी शिकून जे पाळता, ते एवढ्या शिकलेल्या कंपन्यांनीही पाळावे, असे म्हणते मी." तेवढ्यात गिऱ्हाईक आले. साडी पसंत पडली, त्याने फोन काढला, आणि आम्ही दोघांनी नेहमीसारखे तोंड फिरवले.