काळा कोट कपाटात, ट्रॉफी टेबलावर

प्रत्येक ऑफिसात एक डिपार्टमेंट असं असतं, जिथे कुणी आपणहून गप्पा मारायला जात नाही. एचआर म्हणत असाल तर चूक. एचआरकडे निदान गॉसिप तरी असतं. मी म्हणतेय ते लीगल!

तुमचं ॲग्रीमेंट सोमवारी त्यांच्याकडे जातं आणि गुरुवारी परत येतं ते लाल रंगात न्हाऊन. क्लायंटचे फोनवर फोन, बॉस केबिनमधून डोकावतोय, आणि आपल्या सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, 'लीगलमध्ये अडकलंय.' ज्याच्यामुळे ते अडकलेलं असतं तो प्राणी म्हणजे इन-हाउस लॉयर. कंपनीच्या पगारावरचा वकील. गळ्यात आपल्यासारखंच आयकार्ड, मार्चमध्ये आपल्यासारखंच अप्रेझलचं टेन्शन आणि कॅन्टीनच्या पोह्यांबद्दल आपल्यासारखीच तक्रार.

तर मंडळी, या जमातीलाही अवॉर्ड्स मिळतात. 'एशियन लीगल बिझनेस'चे इंडिया लॉ अवॉर्ड्स आहेत, 'लीगल 500'ची 'जीसी पॉवरलिस्ट' आहे (जीसी म्हणजे जनरल काउन्सेल, कंपनीतला सगळ्यात वरचा वकील), 'लीगल एरा'चे पुरस्कार आहेत, 'इंडिया बिझनेस लॉ जर्नल'चे आहेत. चाळिशीच्या आतल्यांसाठी वेगळ्या याद्या, टीमसाठी वेगळी ट्रॉफी. सगळा थाट तोच. पंचतारांकित बॉलरूम, निळे लाइट्स, हातात न मावणारी काचेची ट्रॉफी आणि दुसऱ्या दिवशी लिंक्डइनवर फोटोखाली 'हम्बल्ड अँड ऑनर्ड'. सगळा देश एकाच वेळी इतका नम्र कसा होतो, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

हसू येतं ना? थांबा जरा. आधी नेरळला जाऊन येऊ.

बदलापूर सुटलं की कर्जत लोकलच्या बाहेरचा नजारा बदलतो. डोंगर जवळ येतात आणि डोंगरांच्या आधी होर्डिंग्ज येतात. सेकंड होम, बंगलो प्लॉट, माथेरानच्या कुशीत अमुक, निसर्गाच्या सान्निध्यात तमुक. एकेकाळी नेरळ म्हणजे फक्त माथेरानची मिनी ट्रेन पकडायचं स्टेशन. ती 1907 पासून तिथून वर चढते. आता डोंबिवली-ठाण्यातलं बजेट कोलमडलेली आपल्यासारखी जोडपी रविवारी साइट व्हिजिटला येतात. बिल्डरची गाडी स्टेशनवर घ्यायला येते, वर कोल्ड्रिंक फ्री. सॅम्पल फ्लॅटमधल्या गुबगुबीत सोफ्यावर बसून आपण ईएमआयचं गणित मांडतो. त्या सोफ्याखालची जमीन नक्की कुणाची, हे गणित मात्र आपल्या वतीनं कुणीतरी आधीच सोडवलंय असं आपण धरून चालतो.

माझी एक मैत्रीण तेच गणित सोडवायचा पगार घेते. मुंबईत एका डेव्हलपर कंपनीच्या लीगलमध्ये आहे. राहते नेरळलाच, कारण मुंबईतल्या भाड्यात तिला इथे स्वतःचा वन बीएचके परवडला. जाऊन-येऊन रोजचे चार तास लोकलमध्ये. ग्रुपमध्ये आम्ही तिला वकीलबाई म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी तिच्या कंपनीने नेरळच्या आसपास एक जमीन पक्की केली. व्ह्यू सॉलिड, रस्ता डांबरी, भाव वाजवी. बाहेरच्या वकिलांनी 30 वर्षांचा सर्च घेतला, टायटल क्लिअर म्हणून कळवलं. सर्च तेवढाच घ्यायची रीत आहे, त्यांनी रीतीप्रमाणे काम केलं. वकीलबाईंना मात्र सातबाऱ्यावरचा एक जुना फेरफार नंबर खटकत होता. त्यांच्या टीममध्ये एक काका आहेत. वकील नाहीत, पूर्वी कुठेतरी कारकून होते. रायगडातल्या सगळ्या रेकॉर्ड रूम्स आणि तलाठ्यांच्या चहाच्या वेळा त्यांना पाठ. काका कर्जतला तीन दिवस धूळ खात बसले आणि 30 वर्षांच्या पलीकडचा, 1980 च्या दशकातला एक फेरफार घेऊन आले. जमिनीचा मूळ खातेदार ठाकूर समाजाचा, म्हणजे आदिवासी. विकत घेणारा बिगर-आदिवासी. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा कागदावर पत्ताच नाही.

आता थोडा कायदा, बोअर होऊ नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत 1974 सालापासून कलम 36 अ आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे पूर्वपरवानगीशिवाय जाऊच शकत नाही. गेली असेल, तर तो व्यवहारच बेकायदा. मधे चार वेळा विकली गेली, पाचव्यानं कंपाउंड घातलं, सहाव्यानं स्विमिंग पूल बांधला, तरी मूळचं दुखणं तसंच राहतं. या भागात वर आणखी दोन पहारेकरी. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यापासून अडवणारा कुळकायदा आणि 2003 साली माथेरानच्या भोवती जाहीर झालेलं इको-सेन्सिटिव्ह झोन. कर्जत-खालापूरची जमीन म्हणजे दिसायला हिरवीगार, कागदावर भुलभुलैया.

वकीलबाईंनी दीड पानाची नोट लिहिली. शेवटचं वाक्य होतं, 'घेऊ नये.'

ऑफिसात काय झालं असेल याची कल्पना करा. ब्रोशर छापून आलेलं. प्रोजेक्टचं नाव ठरलेलं, तेही फ्रेंच. सेल्स हेडनं तिच्याशी महिनाभर बोलणं टाकलं. 'बाहेरचे वकील हो म्हणतात, तुमचंच काय?' असं मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारून झालं. ती नोट मागे घ्यायला तयार नव्हती. शेवटी व्यवहार रद्द झाला.

नंतर काय घडलं? काहीच नाही! कोर्टात केस उभी राहिली नाही, पेपरात बातमी आली नाही, बुकिंगचे पैसे अडकलेली जोडपी रेराच्या दारात उभी राहिली नाहीत. झालं असतं, तर त्या केसमध्ये काळा कोट घालून उभं राहणाऱ्या वकिलाचं नाव तरी छापून आलं असतं. जे झालंच नाही त्याचं श्रेय घ्यायचं कसं, ते सांगा!

या वर्षी तिच्या बॉसने एका अवॉर्डचा नॉमिनेशन फॉर्म तिला फॉरवर्ड केला. पहिलाच रकाना, गेल्या काही वर्षांतले सर्वांत महत्त्वाचे व्यवहार, रकमेसह.

माझं म्हणणं आहे की, अशा लोकांना अवॉर्ड हवाच. आपल्या सेल्सवाल्यांपेक्षा जास्त हवा. सेल्सवाल्याला इन्सेंटिव्ह मिळतो, बँकॉक ट्रिप मिळते. कंपनीतल्या वकिलानं मात्र नोकरी घेताना काहीतरी सोडलेलं असतं. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम 49 सांगतो की, पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. नोकरी लागली की बार काउन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेतोवर सनद बाजूला ठेवायची. पाच वर्षं घासून लॉ केलं, काळा कोट शिवला, आईनं तो घातलेला फोटो फ्रेम केला, आणि आता कोट कपाटात. सर्वोच्च न्यायालयानंही 2001 साली सतीशकुमार शर्मा यांच्या खटल्यात हेच उचलून धरलं. पगारावर लॉ ऑफिसर असलेला माणूस ॲडव्होकेट म्हणून नोंदणी मागू शकत नाही.

आणि 31 ऑक्टोबर 2025 ला आणखी एक दणका बसला. वकिलांना तपास यंत्रणांनी समन्स पाठवण्याच्या प्रकरणात तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं निकाल दिला. अशिलाचं बोलणं गुप्त ठेवण्याचा जो हक्क भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 नं वकिलाला दिलाय, तो इन-हाउस वकिलाला नाही. कलम 134 खाली थोडं संरक्षण आहे, पण मालक आणि त्याचा पगारी वकील यांच्यातलं बोलणं त्यात येत नाही. गंमत म्हणजे आपल्या मुंबई उच्च न्यायालयाची जुनी भूमिका वेगळी होती. महापालिका विरुद्ध विजय मेटल वर्क्स या खटल्यात पगारी कायदेशीर सल्लागारालाही बाहेरच्या वकिलासारखंच संरक्षण मानलं गेलं होतं. युरोपात 2010 साली ॲक्झो नोबेलच्या केसमध्ये, स्पर्धा कायद्याच्या चौकशीपुरतं, निकाल पगारी वकिलांच्या विरोधात गेला. कारण सगळीकडे एकच. जो पगार देतो त्याच्यासमोर तुम्ही स्वतंत्र कसे राहणार?

प्रश्न रास्त आहे, मला मान्य. पण मग वकीलबाईंची ती दीड पानाची नोट काय होती? जो पगार देतो त्यालाच, ब्रोशर छापून झाल्यावर, 'घेऊ नये' असं लिहून देणं. कोर्ट ज्या गोष्टीवर शंका घेतं, नेमकी तीच गोष्ट कुणात आहे हे शोधणं, याहून चांगलं काम एखाद्या अवॉर्डला काय असू शकतं?

आणि हे काही आजचं नाही. कॉर्नेलिया सोराबजी हे नाव तुम्ही क्विझमध्ये ऐकलं असेल. जन्म 1866, नाशिक. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, 1892 ला ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा दिली. बाई म्हणून पदवी हातात पडायला 1922 उजाडलं. भारतात परतल्या तर इथेही बाईला वकिलीची दारं बंद. म्हणून 1904 साली त्यांनी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये सरकारी नोकरी धरली. काम काय, तर पडद्यातल्या जमीनदार विधवा आणि अनाथ वारसांना त्यांच्या इस्टेटीबद्दल सल्ला देणं. पालखीतून, बोटीतून, बैलगाडीतून फिरायचं आणि चिकाच्या पडद्याआड बसलेल्या बाईला तिची जमीन कोण लुबाडतंय ते समजावून सांगायचं. सनद नाही, कोर्ट नाही, पगार मात्र आहे. आजच्या भाषेत इन-हाउस! 1909 साली सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. बायकांना वकिलीची परवानगी देणारा कायदा आला 1923 ला. म्हणजे मेडल आधी, कायदा 14 वर्षांनी.

नेरळ-माथेरानकडे कायद्याच्या शिक्षणाचा विषय निघाला की भाई कोतवालांचं नाव निघतंच. माथेरानात जन्मलेले, वकिलीची परीक्षा पास झालेले, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढणारे आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर गोळी झेलणारे. ती उंची वेगळी, त्याची कुठल्या ट्रॉफीशी तुलना करायचा वेडेपणा मी करणार नाही. पण त्यांनाही लोक कोर्टातल्या भाषणासाठी आठवत नाहीत, एवढं मात्र खरं.

आता अवॉर्डवाल्यांना दोन शब्द ऐकवते. एक म्हणजे, स्पॉन्सर कोण असतात ते बघा. बऱ्याच समारंभांना पैसा लॉ फर्म्सचा असतो, आणि या फर्म्सना काम कोण देतं? समोर बसलेले हेच जनरल काउन्सेल! अशा वेळी टाळ्या कोण कुणासाठी वाजवतंय, ते तुम्हीच ठरवा. काही ठिकाणी नॉमिनेशन फुकट आणि डिनरचं टेबल विकत, हा फंडा तर सगळ्याच इंडस्ट्रीत जुना झाला. दुसरं म्हणजे तो रकमेचा रकाना. किती कोटींची डील केली, किती केसेस जिंकल्या, कुठलं सॉफ्टवेअर आणलं. अहो, एक रकाना 'काय थांबवलं' याचाही ठेवा ना. नावं-गावं काढून घ्या, ज्युरीकडून गुप्ततेची सही घ्या, पण विचारा. आणि शिफारसपत्र बाहेरच्या फर्मकडून मागण्याऐवजी कंपनीतल्या ज्या माणसाला 'नाही' ऐकावं लागलं त्याच्याकडून मागा. तिच्या सेल्स हेडनं काय लिहिलं असतं हे वाचायला मी स्वतः तिकीट काढून येईन. मध्यंतरी तो आपल्या मेव्हण्याच्या प्लॉटचे कागद घेऊन तिच्या डेस्कवर आला होता. ऑफिशियली नव्हे, लंच टाइममध्ये. कॉफी त्याच्याकडून.

वकीलबाईंनी फॉर्म भरलाय. वैयक्तिक कॅटेगरी सोडून टीमची घेतली. रकमेच्या रकान्यात एका वेअरहाउसच्या लीजचा आकडा टाकला, कारण तो सांगायला कंपनीची परवानगी होती. नेरळच्या जमिनीबद्दल एकच ओळ, गावाचं नावही न घेता. खाली टीममधल्या वकिलांची नावं मागितली होती. तीन झाली. चौथ्या ओळीवर तिनं काकांचं नाव लिहिलं आणि शिक्षणाच्या चौकटीत 'बी.कॉम.'

बॉस म्हणाला, हे चालणार नाही बहुतेक. ती म्हणाली, मग तिघांचंही काढा. फॉर्म तसाच गेलाय. निमंत्रण आलंच, तर तिला एकच काळजी आहे, शेवटची कर्जत लोकल चुकणार नाही ना. काकांचं बरं आहे, ते परळला राहतात.